गिळलेलं वाक्य

दीपमाला टीव्हीसमोर येऊन बसली की घरातली बाकीची माणसं एकेक करून उठायची. तिची सासू कुसाबाई तेवढी उठत नसे, कारण संध्याकाळी हार ओवायला तिला तीच जागा लागायची. मखमलाबादला मळ्यात घर, दारात गुलाब आणि झेंडू. दीपमालाचा नवरा गोरक्ष पहाटे फुलं घेऊन बाजारात जायचा. सोबत न्यायचे हार कुसाबाईने आदल्या संध्याकाळी मालिका बघत बघत ओवलेले असायचे.

"बघा आई," दीपमाला म्हणायची, "ती सून जीन्स घालून दारात आली आणि लगेच मागे ढोल वाजला. म्हणजे काय? जीन्स घालणारी सून घर मोडणार. हे कोणी बोललं का? नाही. पण तुम्हाला कळलं की नाही?"

"मला येवढंच कळलं का तू मला काय ऐकू देत नाय. सरक तिकडं, ढोल बघू दे."

जाहिराती लागल्या की मग विचारूच नका. मसाल्याच्या जाहिरातीत सगळं घर बोटं चाटून जेवतं आणि आई उभी राहून नुसती हसते. दीपमाला विचारायची, "हिला भूक नाही का?" गोरक्ष हात जोडायचा. "अगं, ती जाहिरात अर्ध्या मिनिटात संपते. तुझी संपत नाही."

तिला मात्र हे जडलंच होतं. दोन वाक्यं कानावर पडली की त्यांच्यामधलं तिसरं, कोणीच न उच्चारलेलं वाक्य तिला ऐकू यायचं. तिने त्याला नावही ठेवलं होतं, गिळलेलं वाक्य.

हे तिला लागलं ते कळवणच्या कॉलेजात. माहेर कळवण तालुक्यातलं. धाकटा भाऊ योगेश दहावी झाला तसं त्याला सायन्ससाठी नाशिकला खोली घेऊन दिली. दीपमाला त्याच्या आधी दहावी झाली होती आणि तिचे गुण त्याच्याहून चांगले होते. ती कळवणच्याच कॉलेजात आर्ट्सला गेली. घरी भांडण झालं नाही, रडारड नाही. कोणी काही विचारलंही नाही. तिनेही नाही. अकरावीला एका विषयाच्या जागा भरल्या होत्या म्हणून तिच्या वाट्याला तर्कशास्त्र आलं. पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली आणि विचारलं, "पहिल्यावरून दुसऱ्यावर तुम्ही उडी मारलीत. मधली फळी कोणी टाकली?" सगळा वर्ग सरांकडे बघत राहिला. दीपमालाच्या मात्र डोक्यात दिवा लागला. त्या एका तासावर तिने बी.ए. केलं, एम.ए. केलं, आणि लग्नानंतर नाशिकच्या एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागली. शेजारच्या बायका अजून विचारतात, "तर्कशास्त्र म्हणजे ते पत्रिका बघतात ते का हो?" ती हसून सोडून देते.

तिच्या तासाला मुलं टिकायची. आर्ट्सच्या वर्गात हे सोपं नाही. अर्धी मुलं गावाकडून एसटीने येणारी, परतीच्या गाडीकडे डोळे लावून बसलेली. दीपमाला फळ्यावर तीन प्रश्न लिहायची: म्हटलं काय, ठरवलं काय, मध्ये गिळलं काय. मग मुलांनी पेपरातली, मोबाइलवरची, भिंतीवरच्या फ्लेक्सवरची वाक्यं आणायची आणि त्यांच्या पोटातून तिसरं वाक्य बाहेर काढायचं. कोणी पाण्याच्या पंपाची जाहिरात आणायचं, त्यात बाप मुलाच्या खांद्यावर हात ठेवून शेत दाखवतो आणि मुलगी मागे पाणी प्यायला देते. गिळलेलं काय? शेत मुलाचं, पाणी मुलीचं. वर्गातल्या मुली बाक वाजवायच्या.

पण सगळ्यात पुढे तेजस्विनी. पिंपळगाव बसवंतची. वडील टेम्पो चालवायचे, हंगामात द्राक्षं आणि एरवी कांदा. मुलगी फार बोलायची नाही, पण बोलली की दीपमालाला खडू खाली ठेवावा लागायचा. एकदा तिने पेपरातलं मोठं शीर्षक आणलं, 'कांदा रडवणार'.

"यात काय?" दीपमाला म्हणाली. तिला खरंच दिसलं नव्हतं.

"मॅडम, ज्या दिवशी पेपरात कांदा रडवतो ना, त्या दिवशी आमच्या गल्लीत लोक हसत असतात. भाव वाढलेला असतो. ज्यानं बातमी लिहिली त्यानं धरूनच चाललंय की पेपर फक्त कांदा विकत घेणारेच वाचतात. पिकवणारा वाचतच नाही."

आपण जन्मभर कांद्याच्या जिल्ह्यात राहिलो आणि हे शीर्षक किती वेळा वाचलं, दीपमालाच्या मनात आलं. त्या दिवशी तिने घरी सासूला, नवऱ्याला, मुलाला, सगळ्यांना तेजस्विनीचं कौतुक सांगितलं. ही मुलगी पुढे जाऊन माझ्या जागी उभी राहील म्हणाली. तेजस्विनीलाही तसंच वाटत होतं. बारावी करायची, बी.ए. करायचं, तर्कशास्त्र शिकवायचं, हे तिने मैत्रिणींना सांगून टाकलं होतं.

मग जीवनचा दहावीचा निकाल लागला.

जीवन दीपमालाचा एकुलता एक. त्याच्या दहावीचं वर्ष तिने कसं काढलं ते तिचं तिला माहीत. तो झोपला तरी काळजी, जागा राहिला तरी काळजी. निकाल चांगला लागला. शाळेच्या दारात पालक जमले, पेढे निघाले, आणि गावातल्या बातम्या मोबाइलवर दाखवणारा एक पोरगा माइक घेऊन तिथे आला. त्याने दीपमालासमोर माइक धरला.

"ताई, कसं वाटतंय?"

"खूप आनंद झालाय. आमचा जीवन पहिल्यापासून हुशार, त्यामुळे सायन्सच. देवाच्या दयेनं त्याला आर्ट्सला घालायची वेळ आली नाही." आणि ती हसली. मोकळी, मनापासून.

"आपण काय करता?"

"मी प्राध्यापिका आहे. ज्युनिअर कॉलेजला आर्ट्सच्या मुलांना शिकवते." तिने कॉलेजचं नावही सांगितलं.

संध्याकाळी तो व्हिडिओ आला. मागे संगीत, खाली पिवळ्या अक्षरात तिचं नाव. साडी छान दिसत होती. तिने तो माहेरी पाठवला, सासरच्या ग्रुपवर टाकला आणि स्टेटसला ठेवला. तिच्या फोनमध्ये वर्गातल्या सगळ्या मुलांचे नंबर होते, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

कुसाबाईने तो व्हिडिओ फुलं ओवता ओवता पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. जीवन लावून द्यायचा. चौथ्या-पाचव्या वेळी त्याने मान वर केली.

"मम्मी, तू आर्ट्सच केलंस ना?"

"हो. का रे?"

"मग तुझ्यावर काय वेळ आली होती?"

तो चिडवत होता. त्याला सायन्सच हवं होतं, स्वतःहून हवं होतं, कोणी लादलं नव्हतं. हसून तो पेढा उचलून निघूनही गेला. दीपमालाने फोन हातात घेतला आणि व्हिडिओ पुन्हा लावला, या वेळी साडीकडे न बघता. म्हटलं काय? मुलगा हुशार आहे. ठरवलं काय? तो सायन्सला जाणार. मधलं वाक्य तिला आपोआप ऐकू आलं, जसं इतरांचं येतं तसंच. तिचे कान तापले. त्यातलं एक वाक्य तर गिळलेलंही नव्हतं, ते तिने चांगलं दात दाखवून बोललं होतं. तिने स्टेटस काढून टाकलं. काढण्याआधी कोणी कोणी बघितलं ते दिसतं, ते तिने बघितलं. तिच्या वर्गातली जवळजवळ सगळी नावं होती. तेजस्विनीचंही.

सुट्टी संपेपर्यंत लोक विसरतील असं तिने मनाला समजावलं. आपणच फार करतोय, मुलांना एवढं काय कळतं, असंही म्हणून बघितलं. पण मुलांना एवढं कळावं म्हणून तर ती वर्षानुवर्षं घसा फोडत होती.

जूनमध्ये बारावीचा वर्ग भरला. मुलं शांत होती. इतकी शांत की दीपमालाला वर्ग चुकल्यासारखं वाटलं. तिने उदाहरणं मागितली. एकाने साबणाची जाहिरात सांगितली, दुसरीने क्लासचा फ्लेक्स. ती जे म्हणेल त्याला सगळे "हो मॅडम" म्हणाले. कोणी उलटून एक शब्द बोललं नाही. कोणी तिच्याकडे रागाने बघितलं असतं तर बरं वाटलं असतं. मुलं तिला सांभाळून घेत होती, पाहुण्यासमोर घरातलं उणं झाकावं तशी.

तेजस्विनी आली नव्हती. त्या आठवड्यात नाही, पुढच्याही नाही. शेवटी दीपमालाने तेजस्विनीची मैत्रीण आरोही हिला जिन्यात गाठलं.

"आजारी आहे का गं ती?"

"नाही मॅडम." आरोही ओढणीचं टोक पिळायला लागली. "तिच्या पप्पांनी तिचं कॉलेज बंद केलंय. कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात बसवणार म्हणतात. बारावी बाहेरून करायची."

"अचानक?"

आरोही जिन्याकडे बघत म्हणाली, "पप्पांना कोणीतरी तुमचा तो व्हिडिओ दाखवला, मॅडम."

दीपमाला त्याच रविवारी पिंपळगावला गेली. गोरक्षला खरं सांगितलं नाही, विद्यार्थिनीकडे जाते एवढंच म्हणाली. बसमध्ये तिने काय बोलायचं ते मनात मांडलं. व्हिडिओचा उल्लेख निघालाच तर कसं वळवायचं, तेही. मुलीचं वर्ष वाचवायचं होतं. त्यासाठी थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल, असं तिने ठरवून टाकलं.

कोल्ड स्टोरेजच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या छपराचं घर, दारात टेम्पो. तेजस्विनीचे वडील सहादू टेम्पोचा हौदा धूत होते. त्यांनी हात पुसले, खुर्ची आणून दिली, आत आवाज दिला, "अगं, मॅडम आल्या. च्या ठेव." तेजस्विनीची आई भागीबाई पदर सावरत बाहेर आली आणि पुन्हा आत गेली. तेजस्विनी आतल्या दारात उभी राहिली. तिने नमस्कार केला. हसली नाही.

"तुमची मुलगी माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी आहे," दीपमाला म्हणाली.

"आसंल ना," सहादू म्हणाले. "पण मॅडम, हुशार आसंल त्यो सायन्सला जातो. तुम्हीच बोल्ल्या. आम्ही मोबाइलमदी आयकलं."

"ते तसं नाहीये..."

"मी तुम्हाला दोष देत नाय. तुम्ही शिकवणाऱ्या, तुम्हाला आतली गोष्ट ठावकी. हॉटेलवाला सोताच्या पोराला हॉटेलात जेवू देत नाय, म्हंजी काय समजायचं? ज्या आर्टला तुमचा पोरगा घालायची तुम्हाला भीती, त्या आर्टला माझी पोरगी कशापायी रोज एसटीनं घालू? त्यापेक्षा इथं सावलीत बसून कॉम्पुटर शिकंल."

यात चूक काढायला जागा नव्हती. वर्गात कोणी असं बोललं असतं तर तिने पाठ थोपटली असती. पण आता ती बसमध्ये ठरवून आलेल्या वाक्यावर येऊन थांबली होती आणि ते तोंडातून निघून गेलं.

"अहो, तो व्हिडिओ कापलाय. हे चॅनलवाले पुढचं-मागचं कापतात आणि मधलंच दाखवतात. मी पुढे बरंच बोलले होते. आर्ट्सचं महत्त्व वगैरे. ते त्यांनी उडवलं."

"आसं होय?" सहादूंचा चेहरा जरा मोकळा झाला. "तरी म्हटलं, मॅडम आसं कसं बोलतील."

तेवढ्यात दीपमालाची नजर दारात गेली. तेजस्विनी तिच्याकडे बघत होती. तो व्हिडिओ तिने एकदाच बघितला नसणार, हे दीपमालाला त्या क्षणी लख्ख कळलं. ही मुलगी एखादी जाहिरात आणायची तेव्हा ती कुठे जोडली, कुठे तोडली ते सांगायची. त्या व्हिडिओत कुठेच तोडलेलं नाही, एका दमात बोललेलं आहे, हे तिला माहीत होतं. आणि ती काहीच बोलत नव्हती. वर्गातल्या बाकीच्या मुलांसारखीच तीही सांभाळून घ्यायला निघाली होती. तिला कॉलेज परत मिळणार होतं, एवढं गप्प राहिलं की झालं. कॉलेज परत मिळण्याची किंमत म्हणून तिला आपण हे गिळायला लावतोय, हे दीपमालाला दिसलं आणि तिला तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

भागीबाई ताटात चहा घेऊन आली. दीपमालाने कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"नाही," ती म्हणाली. "कापलेला नाही. मी खोटं बोलले. मी तेवढंच बोलले होते."

सहादू तिच्याकडे बघत राहिले. भागीबाई ताट घेऊन तशीच उभी.

"म्हंजी तुम्हाला तसंच वाटतं?"

"वाटतं हे मला माहीत नव्हतं. पण वाटत असणार. नाहीतर तोंडातून आलं नसतं." तिचा आवाज तिलाच परका वाटत होता. "माझ्या मुलाला आर्ट्सला जायचं असतं, तर मी लोकांना सांगताना अडखळले असते. हे खरं आहे. मी रोज ज्या मुलांसमोर उभी राहते, त्यांच्याबद्दल माझ्या मनात हे होतं, आणि मला ते त्या माइकवाल्या पोरामुळे कळलं."

"मग तुम्ही मला कशाच्या जिवावर सांगता, पोरीला पाठव म्हणून?"

"तिला आवडतं म्हणून," असं काहीतरी दीपमाला पुटपुटली. वडिलांना पटेल असं ते नव्हतं, तिलाही ठाऊक होतं.

मग तेजस्विनी बोलली. दारातूनच, आत न येता.

"पप्पा, हुशार आसंल त्यो सायन्सला जातो ना? मला दहावीला चांगले मार्क होते. सर घरी येऊन सांगून गेले होते सायन्सला घाला म्हणून. मग मला आर्टला का घातलं?"

सहादूंनी टेम्पोकडे बघितलं. "प्रॅक्टिकलला उशीर होतो. शेवटची गाडी चुकली तर रातच्याला..."

"लखन गेला ना सायन्सला? त्याला होत नाही उशीर?" लखन म्हणजे तिचा चुलतभाऊ, हे दीपमालाला बोलण्यातून कळलं.

"त्यो पोरगा हाय."

"हां," तेजस्विनी म्हणाली. एवढंच.

सहादू खाली बघत हौदा पुसायचं फडकं एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिले. दीपमालाला कळवणचं घर आठवलं, आणि तिथेही कोणीतरी असं फडकं चाळवत बसलं असतं, जर तिने कधी विचारलं असतं तर. भागीबाईने ताट खाली ठेवलं.

"जाऊ द्या तिला," ती नवऱ्याला म्हणाली. "आर्टला तर आर्टला. तुम्हीच घातलंय, आता मधीच काय काढता? वरीसभर एसटीनं जाऊन आली, काय झालं का?"

सहादूंनी फडकं टेम्पोवर टाकलं. मग म्हणाले, "उद्याच्या गाडीनं जा." ते मुलीला म्हणाले, पण बघत होते दीपमालाकडे. त्या बघण्यात राग नव्हता. आपल्यासारखंच कोणीतरी समोर बसलंय, असं काहीतरी होतं, आणि ते तिला रागापेक्षा जड गेलं.

तेजस्विनी तिला स्टँडपर्यंत सोडायला आली. हमरस्त्यावरून कांद्याचे ट्रॅक्टर जात होते, त्यामुळे चालताना बोलता आलं नाही. स्टँडवर जरा आडोसा मिळाला.

"मॅडम, एक विचारू? बारावीला विषय बदलता येतो ना?"

"येतो. अर्ज द्यावा लागतो. का?"

"मी तर्कशास्त्राऐवजी भूगोल घेते."

दीपमालाला ते आधी नीट ऐकूच आलं नाही. मग आलं. "माझ्या त्या व्हिडिओमुळे?"

"नाही. व्हिडिओचं मला वाईट वाटलं होतं, पण मी समजून घेतलं होतं. माणूस बोलून जातं." तेजस्विनी चपलेने खडा सरकवत होती. "आज तुम्ही पप्पांना म्हणालात ना, कापलाय म्हणून. नंतर तुम्ही खरं सांगितलं, ते मला माहीत आहे. पण तुम्ही किती सहज म्हणालात, मॅडम. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते आणि मला काही कळलंच नसतं, मला आधी माहीत नसतं तर. आता तुम्ही फळ्यावर काही लिहिलं की मी तेच बघत बसेन."

दीपमालाला खूप काही सांगायचं होतं. मी तुझ्यासाठीच बोलले, असं एक वाक्य ओठांवर आलं. ते खरंही होतं. पण ते बोललं असतं तर पुन्हा मुलीलाच तिला सांभाळून घ्यावं लागलं असतं.

"अर्जावर माझी सही लागेल," ती म्हणाली. "उद्या आण. मी करते."

"हो मॅडम."

बस आली. दीपमाला चढली. खिडकीशी जागा होती, पण ती आतल्या बाजूला बसली.

दुसऱ्या दिवशी तेजस्विनी अर्ज घेऊन स्टाफरूमच्या दारात आली. दीपमालाने सही केली, तारीख घातली. शेजारच्या मॅडमनी विचारलं, "अहो, ही तुमची ती ना, हुशार? भूगोलाला कशी काय?" तेजस्विनीने काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोच दीपमाला म्हणाली, "माझ्यामुळे." पुढे कोणी विचारलं नाही.

त्या दिवशीच्या तासाला तिने मुलांसमोर आपलंच वाक्य फळ्यावर लिहिलं, जसंच्या तसं, देवाच्या दयेसकट. मुलांनी ते उतरवून घेतलं. चर्चा काही फार चांगली झाली नाही. दोघं-तिघं बोलली, एक मुलगा नको तितका बोलला, एक मुलगी रडकुंडीला आली. दीपमालाने सगळं ऐकून घेतलं. मुलं थोडी थोडी पुन्हा वाद घालायला लागली, पण त्याला दिवाळी उजाडली.

भूगोलाचा वर्ग त्याच मजल्यावर, जिन्यापलीकडे. तास बदलताना कधीकधी दोघी समोरासमोर येतात. तेजस्विनी थांबते, पुस्तकं छातीशी धरते आणि इतर सगळ्या शिक्षकांना म्हणते तसं "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणते. दीपमाला इतर सगळ्या मुलींना म्हणते तसं "गुड मॉर्निंग" म्हणते आणि आपल्या वर्गात जाते.